खिळ्याला परवानगी मागणारा भाडेकरू

उभ्या खाडीकाठी, म्हणजे इकडे दिवाळे गावापासून तिकडे वाशीच्या पुलापर्यंत, विचारून काम करणारा माणूस आजवर एकच झाला, आणि तो माझ्या खोलीत भाड्यानं राहत होता. बाकी आम्ही सगळे आधी करणारे आणि मग भांडणारे. मी तर त्यातला म्होरक्या. शाळा तिसरीपर्यंत, तीही मास्तरांनी कंटाळून वर ढकललं म्हणून. मग मिठागरात पाय घातले ते शहर येऊन मिठागर जाईपर्यंत बाहेर काढले नाहीत. कुणाला काही विचारायचं म्हणजे आपल्याला ते येत नाही हे चारचौघांत कबूल करायचं, असं माझं साधं गणित. तेव्हा या माणसाचं आणि माझं जमलं कसं, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

नव्वद साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. आमची शेतं गेली, मिठागर गेलं, घरामागं मी चार खोल्या बांधल्या आणि साताऱ्याकडची माणसं येऊन राहू लागली. त्यातल्या एकाला तुर्भ्याच्या कारखान्यात काम लागलं होतं. त्यानं आपल्या म्हाताऱ्या बापाला आणलं. बापाच्या अंगात खाकी पँट, गळ्यात दोरीला बांधलेली शिट्टी आणि डोक्यावर पत्र्याची ट्रंक. जुन्या वास्तू सांभाळणारं जे सरकारी खातं असतं, त्यात हा जन्मभर पहारेकरी होता. कुठं पडका गड, कुठं लेणी, कुठं कळस गेलेलं देऊळ, जिथं खात्याची पाटी तिथं हा. शिट्टी बघून गावानं त्याचं नाव हवालदार ठेवलं आणि त्यानंही ते बढती मिळाल्यासारखं घेतलं.

आल्याच्या तिसऱ्या दिवशी तो माझ्या ओटीवर येऊन उभा राहिला. मला वाटलं, नळाला पाणी नाही म्हणून तक्रार आली. “मालक,” तो म्हणाला, “पूर्वेच्या भिंतीत एक खिळा मारावा म्हंतो. दीड इंची. क्यालेंडर लावायचंय. तुमची काय हरकत?”

“मारा की. त्यात इचारायचं काय?”

“न्हाय, भिंत तुमची. आत काय वायर, नळी, जुनं काय असंल…”

“हवालदार, भिंत गेल्या दिवालीला बांधली हाय. आत इटा हायत.”

“व्हय, पर इचारल्यालं बरं.”

मला वाटलं, संपलं. कसलं संपतंय! त्याच भिंतीच्या पलीकडं दुसऱ्या भाडेकरूची भांड्यांची मांडणी होती, म्हणून त्याला विचारायला गेला. तो रातपाळीचा, दिवसा झोपलेला. त्याची पाळी बदलेपर्यंत हवालदार थांबला. पाळी बदलली तर तो म्हणाला, मीही माझ्या बाजूनं एक खिळा मारणार आहे. मग दोन खिळ्यांची टोकं आत भेटू नयेत म्हणून दोघांची बैठक झाली. जानेवारीचं कॅलेंडर होळीला भिंतीवर लागलं. आमची बायको भाकऱ्या थापता थापता म्हणाली, “या मानसानं लगीन करताना बायकोला किती वर्सं इचारलं असंल?” तिला वाटलं हवालदाराला ऐकू जाणार नाही. तो दारातच होता. गंभीरपणे म्हणाला, “दोन, वैनी. तिसऱ्या वर्साला तीच म्हनली, आता इचारू नगा, या.” मग जरा थांबून, “गेली बिचारी. जाताना मातुर तिनं काय इचारलं न्हाय,” असं म्हणून खोलीत गेला. बायकोनं त्या दिवशी त्याला दोन भाकऱ्या पाठवल्या.

त्याचं चालणं हा गावाला एक तमाशाच होता. नजर सदा भुईला. लोक चालताना समोरून कोण येतंय ते बघतात, हा पायाखालून कोण गेलंय ते बघायचा. खापराचा तुकडा दिसला की वाकला. उलटा करून, थुंकी लावून, उन्हात धरून बघितला की खिशात. त्याच्या पँटीचे खिसे खापरांनी फाटायचे आणि मुलगा बिचारा सुट्टीच्या दिवशी शिवत बसायचा. शिवाय पावलं मोजायची खोड. त्याचं पाऊल अडीच फुटांचं. खात्यातल्या कुणा साहेबानं पट्टी लावून ते मोजून दिलं होतं आणि तेव्हापासून त्यानं ते ना वाढू दिलं ना घटू दिलं. बस सुटत असली तरी पाऊल तेवढंच. म्हणून बसा सुटायच्याच. एका जाडजूड वहीत तो सगळं टिपून ठेवी. नळापासून ओटी किती पावलं, ओटीपासून विहीर किती, विहिरीपासून चिंच किती. एकदा सकाळी दात घासता घासता मला म्हणाला, “मालक, तुमचं घर एक वीत तिरकं हाय बगा.” माझं घर मी स्वतः ओळंबा धरून बांधलेलं. दोन दिवस मी त्याच्याशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी तो बाहेर गेल्यावर मी हळूच सुतळी लावून बघितली. एक वीतच होती. ते मी त्याला कधी सांगितलं नाही.

दिवाळ्याच्या बंदरावर त्याला मासळी आणायला पाठवणं म्हणजे तर आमच्या घरचा उपास. सगळे भाव विचारतात. हा विचारायचा, ही कुठल्या पाण्यातली, भरतीची का ओहोटीची, जाळं कुठल्या खांबाला लावलं होतं. एका कोळणीनं शेवटी टोपलीवर पदर टाकला आणि म्हणाली, “काय रं बाबा, मावरा घेतोस का त्याची सोयरीक जमवतोस?” बंदरभर हशा. हा मात्र खूश होऊन परत आला. मासळी आणली नव्हती, पण खाडीत पूर्वी दगडी धक्का कुठं होता ते त्या बाईनं हसता हसता सांगून टाकलं होतं.

आणि कुठल्याही दगडावर तो चौकशी केल्याशिवाय बसत नसे. माझ्या दारापुढच्या पायरीच्या दगडावर त्याचा पहिल्यापासून संशय. “उलटा करून बगू का? एकदाच,” असं वर्षभर विचारून त्यानं माझा जीव खाल्ला. अखेर एका रविवारी मी चार माणसं लावली. अर्धा दिवस गेला, एकाचा अंगठा ठेचला, दगड उलटला, आणि खालून निघाला एक विंचू. गाव हसलं. मी तापलो. हवालदारानं वही काढून लिहिलं: पायरी, खाली काही नाही. “लिवतोस काय त्यात?” मी ओरडलो. तो म्हणाला, “काय न्हाय हे बी कळाय लागतं, मालक. न्हायतर जलमभर वाटत ऱ्हायलं असतं.”

या विचारण्याच्या वेडाला मूळ काय, ते त्यानं मला एकदाच सांगितलं. कुठल्याशा लेण्यांपाशी त्याची नेमणूक होती. तिथं विजेचं काम करणाऱ्यांनी खांब उभे केले आणि उभे केल्यावर खात्याला पत्र लिहिलं, की आम्ही इथं खांब उभे करू का. त्यातला एक खांब नेमका खडकात कोरलेल्या जुन्या पाण्याच्या टाक्यात उतरला होता. खातं म्हणालं, काढा. ते म्हणाले, सिमेंट सुकलं. कागद वर गेले, खाली आले, कोर्टात जाऊन बसले. तोवर खांबाला तार नाही आणि टाक्यात पाणी नाही.

“मी साडेनऊ वर्सं त्या खांबाचा पहारा केला,” हवालदार म्हणाला. “पाटीवर लिवल्यालं, या वास्तूस हानी पोचविल्यास शिक्षा. लोकं इचारायची, वास्तू कंची? टाकं का खांब? मी म्हनायचो, ठरायचंय अजून.” मी पोट धरून हसलो. तो हसला नाही. “कागदावर पेन्सिलीत असतंय तवा इचारलं तर नुसती रेघ पुसाय लागती, मालक. सिमीट घातल्यावर इचारलं की मानसाची वर्सं पुसली जात्यात.”

आता बापदेवाचं सांगतो. खाडीच्या बांधाकडं माझे दोन गुंठे उरले आहेत. सगळं गेलं, तेवढे राहिले, कारण तिथं आमचा बापदेव आहे. बापदेव म्हणजे आमच्या घराण्यातला कोणी मूळपुरुष. गावात जुन्या घरांचे असे असतात. आमचा म्हणजे गुडघाभर उंचीचा एक शेंदराचा गोळा. दर वर्षी शेंदूर चढायचा, वर तेल, वर पुन्हा शेंदूर. आत दगड आहे एवढं माहीत; कसला आहे ते माझ्या बापानं पाहिलं नव्हतं आणि त्याच्या बापानंही. हवालदार पहिल्यांदा तिथं आला तेव्हा चप्पल काढून लांब उभा राहिला, हात जोडले आणि तसाच उभा. मला बरं वाटलं, भक्त दिसतो. घरी येताना म्हणाला, “मालक, आत काय असंल ओ?”

“देव हाय.”

“ते हाय. पर शेंदराच्या आत?”

“हवालदार, देवाची कापडं काढायची का आता?”

“न्हाय न्हाय. नुसतं इचारलं.”

त्यानं दगडाला बोट लावलं नाही. फक्त दर महिन्याच्या पहिल्या तारखेला ओटीशी येऊन म्हणायचा, “मालक, या म्हैन्यात?” मी म्हणायचो, “नाय.” तो “बरं” म्हणून जायचा. असं दोन वर्षं चाललं. खरं सांगायचं तर त्याच्या विचारण्यानं माझ्याही डोक्यात किडा सोडला होता. नारळ फोडताना मीही शेंदराकडं वाकून बघायला लागलो होतो. पण ते कुणाला दाखवायचं नव्हतं.

मग एका थंडीत बांधावर तीन पायांची दुर्बीण घेऊन माणसं आली. विजेची मोठी लाईन खाडीकडेनं जाणार, तिचे डोंगराएवढे टॉवर येणार. लाल डोक्याची एक खुंटी त्यांनी माझ्याच दोन गुंठ्यांत ठोकली, बापदेवापासून थोडी बाजूला. त्यांच्यातला इंजिनीअर तरुण, गोड बोलणारा. “काका, टेन्शन नका घेऊ,” म्हणाला, “देव सेफ आहे. आणि आता नुसता सर्व्हे चाललाय, फायनल काहीच नाही.” मला त्यात सरळ फसवणूक ऐकू आली. आमच्या जमिनी गेल्या तेव्हाही फायनल काही नव्हतं, आणि एके दिवशी सगळंच फायनल झालं. टॉवर आला की त्याच्याभोवती तारेचं कुंपण येणार, कुंपणाच्या आत बापदेव जाणार आणि मी माझ्या बापाला नारळ वाहायला वॉचमनची परवानगी काढणार. हे मी मरेपर्यंत होऊ देणार नव्हतो.

हवालदाराला मात्र आनंदानं काय करू नि काय नको झालं. “मालक, फायनल न्हाय म्हनला! म्हंजे अजून पेन्सिल हाय!” त्याच दिवसापासून त्यानं पत्रं लिहायला घेतली. एक वीज कंपनीला, एक आपल्या जुन्या खात्याला. विषय: आधी विचारण्याबाबत. देव माझा, म्हणून प्रत्येक पत्र टपालात टाकण्याआधी मला वाचून दाखवायचा आणि मध्येच थांबून विचारायचा, “इथं ‘कृपया’ घालू का नगं?” मी म्हणायचो, शिव्या घाल. तो ‘कृपया’ घालायचा. अशी बरीच पत्रं गेली. एकाचंही उत्तर नाही. शेवटी खाकीला इस्त्री करून, डबा घेऊन तो स्वतःच मुंबईला खात्याच्या कचेरीत गेला. जाताना मला म्हणाला, “मी येस्तवर काय करू नगा, मालक.”

ते वाक्य त्यानं बोलायला नको होतं. मला कुणी काही करू नका म्हटलं की माझे हात शिवशिवतात. शिवाय मागं कधीतरी त्यानंच सांगितलं होतं, की काम चालू असताना खुंटीखाली जुनं काही निघालं तर खातं काम थांबवतं. मी विचार केला, मग निघू दे की खुंटीखाली! देव थोडा बाजूला आहे एवढीच अडचण ना? देवाला सरकवू. ही युक्ती मला फार आवडली, कारण ती माझी स्वतःची होती. चूक झाली असं मी तेव्हा म्हणालो नाही, आताही म्हणणार नाही. झालं ते सांगतो.

पुतणे आणि भाचे मिळून सहा जण गोळा केले. थोरला पुतण्या वाशीच्या मार्केटात गोण्या उचलणारा, पाठीचा कणा ओंडक्यासारखा. भर दुपारी दोर, बांबू, पहारी घेऊन गेलो. मला वाटलं, गुडघाभर दगड, तासाचं काम. खणायला लागलो, तर जसं खणावं तसा देव लांबत गेला. मांडीएवढा झाला, कमरेएवढा झाला, तरी खालून संपेना. पुतण्या घाम पुसून म्हणाला, “काका, ह्यो देव हाय का नारलाचं झाड?” अखेर सहा जणांनी दोर ओढला, दगड कलला, आणि वरचं शेंदराचं कवच मडकं फुटावं तसं फुटून खाली पडलं. सगळे मागं सरले. कुणीतरी म्हणालं, देव कोपला. मीही हात जोडणार होतो, पण सहा जण बघत होते. “कोपला नाय,” मी म्हटलं, “त्याला उकडत होतं. ओढा.”

दगड आडवा पडला तेव्हा माती झटकून आम्ही बघितलं. काळा, घडीव दगड, आणि त्यावर नावा. खऱ्या नावा, डोलकाठीच्या. एकीत ओळीनं बसलेली वल्हवणारी माणसं, बोटाएवढी. त्यांच्या खाली एक आडवा पडलेला माणूस, वर तोच माणूस हात जोडून बसलेला. एवढं सगळं इतकी वर्षं मातीत होतं, आणि आम्ही वरच्या टोकाला शेंदूर लावत होतो. मी बराच वेळ बघत राहिलो. तिथं थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण हाती घेतलं ते अर्धं सोडायची आपली रीत नाही. बांबूंवरून घरंगळत नेऊन देव आम्ही खुंटीला खेटून उभा केला, भोवती माती चोपली आणि वर पाणी मारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जीप आली. पुढं तो इंजिनीअर, मागं खात्याची एक तरुण मॅडम, डोक्याला टोपी, पायांत बूट, आणि तिच्या शेजारी हवालदार, नवरदेवासारखा ताठ. आणली होती त्यानं! एवढ्या पत्रांना न आलेलं खातं तो जीपमध्ये घालून घेऊन आला होता, आणि कंपनीलाही बोलावलं होतं. मी मिशीवर हात फिरवला. म्हटलं, आता बघ, हवालदार, दोन वर्षं विचारत होतास ना, हा घे शेंदराच्या आतला देव.

तो उतरला. त्यानं दगड बघितला, नावा बघितल्या. तोंडाचा आ झाला. मग त्याची नजर बाजूला गेली, जिथं देव असायला हवा होता तिथं, आणि तो दगडाकडं पाठ करून तिकडं चालत गेला. खड्ड्याच्या काठावर उकिडवा बसला. घरात मयत झाल्यावर माणूस बसतो तसा.

मॅडम मात्र दगडापुढं गुडघ्यावर बसली होती. “वीरगळ आहे,” ती म्हणाली. “समुद्रावर लढताना मेलेल्या वीराचा दगड. काका, हा इथंच होता?”

“इथंच,” मी म्हटलं. “पिढ्यान् पिढ्या.” पुतण्यांनी माना हलवल्या. थोरल्यानं तर देवावर हात ठेवून शपथ घेतली.

तिनं बुडाची माती चिमटीत घेतली. “माती ओली आहे.”

“देवाला अंघोल घातली.”

इंजिनीअर हसला. ती हसली नाही. “मामा,” तिनं हवालदाराला हाक मारली, “तुम्ही इथं राहता. तुम्ही सांगा, कुठं होता हा?”

हवालदार उठून आला. त्यानं माझ्याकडं बघितलं. मीही बघितलं, मालकानं भाडेकरूकडं बघावं तसं. आणि हा माणूस, एवढ्या सगळ्यांसमोर, हात मागं बांधून मला विचारतो, “मालक, सांगू का?”

आता नको म्हणावं तर त्यातच सगळं आलं. सांग म्हणावं तर माझी मान गेली. मी म्हटलं, “माझ्या देवाबद्दल भाडेकरू काय सांगनार?”

त्यानं खांद्यावरची पिशवी पुढं घेतली. मग मॅडमला म्हणाला, “मालकांनी न्हाई म्हटल्यालं न्हाई,” आणि पिशवीतून वही काढली. पान काढलं. खुंटीपाशी टाच लावली आणि चालायला लागला. मोठ्यानं मोजत होता. आम्ही सगळे मेंढरांसारखे मागं. बारानंतर त्यानं वहीत बघायचं सोडलं, पण पाऊल अडीच फुटांचंच. वीस म्हणताना त्याच्या बुटाचं टोक खड्ड्याच्या काठावर टेकलं.

“देव हितं हुता, बाईसाहेब,” तो म्हणाला. “चिंचंपासनं, हिरीपासनं, बांधापासनं, तिन्हीकडनं मोजून दोन वर्सांमागं लिवल्यालं हाय. खुंटी पडली तवा तिच्यापासनंबी मोजलं.”

माझ्या डोक्यात रक्त चढलं. माझ्या गावात, माझ्या पुतण्यांसमोर, माझ्या खोलीत राहणाऱ्यानं मला खोटा पाडला होता. “हवालदार,” मी ओरडलो, “उद्याच्या उद्या खोली खाली करा!”

“बरं,” तो म्हणाला.

मॅडमनं माझं ओरडणं संपू दिलं. मग शांतपणे म्हणाली, “काका, तुम्हाला एक सांगू? ज्या दगडाची मूळ जागा मोजमापानिशी कुणालाच सांगता येत नाही, नुसता उकरलेला खड्डा असतो, तो आम्ही उचलून संग्रहालयात नेतो. मी मनात पत्राचा मजकूरही ठरवला होता. दगड काचेच्या कपाटात गेला असता आणि इथं टॉवर उभा राहिला असता. आता जागा कळली. जागा सांभाळायची असेल तर दगडही इथंच राहील.” तिनं त्या वहीच्या पानाचा फोटो काढला. दोनदा काढला.

मी तयारी केली होती मोठ्या लढाईची. इंजिनीअरनं काय करावं? जीपच्या बॉनेटवर नकाशा पसरला, खिशातून खोडरबर काढला आणि पुसलं. “खाजणाच्या दलदलीकडून वळवता येईल,” तो म्हणाला. “वर विचारावं लागेल, पण अवघड नाही. अजून पाया नाही, ऑर्डर नाही. हेच सहा महिन्यांनी कळलं असतं ना, तर आम्ही आणि तुम्ही दोघंही मेलो असतो, काका.” त्याला वर विचारायला दोन महिने लागले. मग खाजणात नव्या खुंट्या पडल्या आणि माझ्या गुंठ्यातली उपटून नेली. पण ते नंतरचं.

त्या संध्याकाळी हवालदारानं ट्रंक भरली. बायको माझ्यापुढं ताट आपटून गेली. माझ्या तोंडून गेलेला शब्द परत घ्यायची मला सवय नाही, आणि माफी कशी मागतात ते तिसरीपर्यंत शिकवत नाहीत. सकाळी मी त्याच्या दारात जाऊन उभा राहिलो. तो ट्रंकेला कुलूप लावत होता. कुलूप लागलं. शेवटी मी म्हटलं, “देव परत बसवायचा हाय. त्याचं तोंड कुठं होतं?”

जन्मात कुणाला काही विचारायची ती माझी पहिली खेप असावी. त्यानं माझ्याकडं बघितलं, कुलूप काढलं, आणि तळातून वही वर यावी म्हणून सगळी भांडी, कपडे आणि खापरं बाहेर काढून भुईवर मांडली. ती पुन्हा ट्रंकेत गेली नाहीत.

देव परत बसवायला तेच सहा जण. हवालदार वहीत बघून सांगत होता, शेंदरावरूनही दिसायचा तो डाव्या खांद्याचा टवका खाडीकडं, अजून, अजून, बास. मॅडमनं पत्रात लिहिलं होतं की जागा तीच, तोंड तिकडंच, फक्त नावा मातीच्या वर राहतील एवढा उचलून ठेवा. दगड बसला आणि मग लक्षात आलं, कोरलेली बाजू खाडीकडं होती. आम्ही गावाकडून जायचो आणि तिथंच नारळ फोडायचो. म्हणजे इतक्या पिढ्या देवाच्या पाठीला. बायको पदर तोंडाला लावून म्हणाली, “तरीच! देवानं माझं कदी पुरतं ऐकलं नाय.”

सगळे गेल्यावर हवालदार तिथंच घुटमळत होता. हात मागं, नेहमीसारखे. मला कळलं काय हवंय ते. पण त्या दिवशी तो विचारत नव्हता. म्हणून मीच म्हटलं, “लावा हात, हवालदार.” त्यानं हात पँटीला पुसला, पुन्हा पुसला, आणि एका बोटानं नावेवरून अगदी हळू फिरवला. वल्हवणारी माणसं मोजली. नऊ भरली. मग मान वर करून, शेंदराच्या आत काय आहे ते विचारताना असायचे तसे डोळे करून म्हणाला, “ह्यातला तुमचा कंचा ओ, मालक?”

मीही वाकून एकेक तोंड बघायला लागलो. आणि गंमत अशी, की मला रागही आला नाही.

पुढं तुर्भ्याचा कारखाना बंद पडला आणि बाप-लेक गावी परत गेले. त्याची पत्रं यायची, चार-चार पानांची, माझी सून वाचून दाखवायची. नुसते प्रश्न. मग पत्रं कमी झाली, मग यायची थांबली. टॉवर आता खाजणात उभे आहेत, दमट हवेत तारा गुणगुणतात. मी संध्याकाळी बापदेवाकडं जातो, खाडीच्या बाजूनं, आणि त्या नऊ जणांकडं बघत बसतो. आठ जण सरळ पुढं बघतात. एक जण तेवढा मान वळवून मागं बघतोय, आणि त्याचं वल्हंही सगळ्यांपेक्षा वेगळं पडलंय. नाकही आमच्या घरातलं.

परवा सुनेला म्हटलं, साताऱ्याच्या पत्त्यावर एक पत्र टाक. ती म्हणाली, “बाबा, मागच्या दोन्ही पत्रांचं उत्तर नाही आलं.”

“नाय येऊ दे,” मी म्हटलं. “तू लिही. आमचा शेवटून तिसरा.”